अर्ध्यावर थांबणारी पट्टी: दुसऱ्याचा ईएफआय फोल्डर तुमच्या मशीनवर का चालत नाही

तुमची अडचण आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे काही चुकीचं समजलो असेन तर लगेच सांगता येईल. सांगलीत लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करता, फायनल कट प्रो हवं आहे, म्हणून घरच्या डेस्कटॉपवर मॅकओएस सिक्वोया टाकायला घेतलंत. प्रोसेसर आय५-१०४००, मदरबोर्ड बी४६०, रॅम १६ जीबी, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि जीटीएक्स १६६० सुपर कार्ड. मित्राचं आय७-९७००के आणि झेड३९० बोर्डाचं मशीन व्यवस्थित चालतं, म्हणून त्याचाच ईएफआय फोल्डर (मशीन सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलींचा संच) पेनड्राइव्हवर टाकलात. आता कधी सफरचंद दिसायच्या आधीच सगळं गोठतं, कधी पट्टी अर्ध्यावर थांबून वर्तुळात तिरकी रेघ येते, आणि पेनड्राइव्ह मागच्या पोर्टला लावला तेव्हा एकदा पुढे जाऊन स्क्रीन काळी झाली. विंडोज मात्र सुरळीत चालतं. मदरबोर्ड खराब आहे का, असं तुम्ही विचारलंत.

बोर्ड धडधाकट आहे, तो बदलू नका. तुमच्याकडे तीन वेगवेगळे बिघाड एकावर एक बसलेत आणि तिघांचं मूळ त्या उसन्या फोल्डरात आणि त्या कार्डात आहे.

कामाला लागण्याआधी दोन गोष्टी स्पष्ट सांगतो, कारण तुमचं पोट या मशीनवर आहे. अ‍ॅपलच्या परवान्यानुसार मॅकओएस फक्त अ‍ॅपलच्याच मशीनवर टाकता येते. सायस्टार नावाची अमेरिकन कंपनी तयार हॅकिंटॉश, म्हणजे मॅकओएस टाकलेली बिगर-मॅक मशीनं, विकायची, तिच्यावर अ‍ॅपलने २००८ मध्ये दावा लावला आणि २००९ मध्ये निकाल अ‍ॅपलच्या बाजूने लागला. घरी शिकण्यासाठी करणं आणि धंदा त्यावर उभा करणं यात फरक आहे, तो तुम्ही तुमचा ठरवा. दुसरं, हा रस्ता आता संपत आलाय. सिक्वोयानंतरची टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती असेल, हे अ‍ॅपलने जून २०२५ मध्येच जाहीर केलं. टाहोमधून अ‍ॅपलएचडीए हा आवाजाचा जुना ड्रायव्हरही काढलाय, त्यामुळे बोर्डावरचा आवाज तो सुरू करून देणाऱ्या नेहमीच्या अ‍ॅपलएएलसीने चालत नाही. तुम्ही सिक्वोया निवडलंत ते योग्यच केलंत, तिथेच थांबा.

आता मशीनकडे येऊ. जीटीएक्स १६६० सुपर कार्ड स्लॉटमधून काढून बाजूला ठेवा. त्या कार्डासाठी मॅकओएसचा ड्रायव्हर कधी निघालाच नाही. एनव्हिडियाचे वेगळे ड्रायव्हर हाय सिएरा या जुन्या आवृत्तीपर्यंत मिळायचे, पण तेही त्याच्या आधीच्या पिढ्यांसाठी. तुमची काळी स्क्रीन म्हणजे हेच: सिस्टीम सुरू झाली, तिने कार्ड पाहिलं, आणि चित्र काढायला तिच्याकडे काही नव्हतं. तुमच्या प्रोसेसरमध्ये यूएचडी ६३० ग्राफिक्स आहे, ते चालतं. (१०४००एफ असता तर हा मार्गच बंद होता.) मॉनिटरची केबल थेट मदरबोर्डाला लावा, बायॉसमध्ये मुख्य डिस्प्ले म्हणून आतलं ग्राफिक्स निवडा, आणि कॉन्फिगमध्ये (ईएफआय फोल्डरातल्या सेटिंगच्या फाइलीत) ग्राफिक्सचा प्लॅटफॉर्म आयडी ०७००९बी३ई द्या. बोर्डावर डिस्प्लेपोर्ट असेल तर पहिल्या इन्स्टॉलला तोच वापरा. यूएचडी ६३० वर एचडीएमआयचं जुळवणं बऱ्याच बोर्डांवर वेगळं करावं लागतं आणि ते पहिल्याच दिवशी नको.

आता ते वर्तुळ. सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात आणि बहुतेक जण पेनड्राइव्हला दोष देऊन नवा विकत आणतात.

सुरुवातीला पेनड्राइव्ह वाचायचं काम बायॉस करतं, त्याला सगळे पोर्ट दिसतात. ओपनकोअर, म्हणजे मॅकओएस सुरू करून देणारा बूटलोडर, येतो, कर्नल (सिस्टीमचा गाभा) मेमरीत चढतो, पट्टी सरकायला लागते. मग कर्नल सूत्रं हातात घेतो आणि यूएसबी स्वतःच्या पद्धतीने नव्याने ओळखायला लागतो. एल कॅपिटनपासून अ‍ॅपलने एका कंट्रोलरवर १५ पोर्टांची मर्यादा घातलीय. निळा यूएसबी ३ चा एक पोर्ट दोन धरला जातो, एक जुन्या वेगाचा आणि एक नव्या. म्हणून प्रत्येक जण आपल्या बोर्डाचे कुठले १५ ठेवायचे याचा नकाशा करतो. तुमच्या फोल्डरात नकाशा मित्राच्या बोर्डाचा आहे. त्याच्याकडे जिथे पोर्ट आहे तिथे तुमच्याकडे कदाचित काहीच नाही, आणि तुमचा पेनड्राइव्ह ज्या पोर्टात आहे तो नकाशात नाही. कर्नलने तो नकाशा वाचला त्या क्षणी त्याच्या दृष्टीने पेनड्राइव्ह गायब झाला. इन्स्टॉलर ज्याच्यावर आहे तीच डिस्क सापडेना, म्हणून तिरकी रेघ. मागच्या पोर्टला लावल्यावर पुढे गेलं, कारण तो पोर्ट नशिबाने दोन्ही नकाशांत होता.

यावर उपाय सोपा आहे, फक्त वेळ खातो. विंडोज चालतंय हे तुमचं भाग्य. त्यात यूएसबीटूलबॉक्स चालवा, एक जुना यूएसबी २ चा पेनड्राइव्ह आणि एक यूएसबी ३ चा घ्या, आणि कॅबिनेटच्या प्रत्येक भोकात आळीपाळीने दोन्ही लावा. स्क्रीनवर कुठला पोर्ट जागा होतो ते बघा. मी कागदी चिकटपट्टीचे तुकडे करून प्रत्येक पोर्टाजवळ पेन्सिलीने लिहितो: एचएस०३, एसएस०३, असं (एचएस जुन्या वेगाचा, एसएस नव्या). पुढचे दोन, मागचे सहा, आणि आत ब्लूटूथ असेल तर त्याची जागा. मग जे रोज लागतात ते ठेवायचे, बाकीचे सोडायचे. ब्लूटूथच्या पोर्टाचा प्रकार २५५, म्हणजे आतला, असा द्या. माझं पहिलं मशीन स्लीपमध्ये गेलं की चार सेकंदांत आपोआप जागं व्हायचं. मी एसएमपीएस बदलला, रॅम बदलली, दोन आठवडे घालवले, आणि शेवटी कारण निघालं ते एवढंच: ब्लूटूथचा पोर्ट बाहेरचा म्हणून नोंदला होता. तेव्हापासून नकाशा झाल्याशिवाय मी पुढच्या कामाला हात लावत नाही. पोर्टांची मर्यादा उठवायचा एक जुना तोडगा अजून ठिकठिकाणी लिहिलेला दिसेल. बिग सर ११.३ पासून तो चालत नाही, त्यावर वेळ घालवू नका.

तिसरा बिघाड म्हणजे सफरचंदाच्याही आधी गोठणं. झेड३९० च्या कॉन्फिगमध्ये सेटअपव्हर्च्युअलमॅप हे मेमरीचं सेटिंग बहुधा चालू असतं. ४०० सिरीजच्या अनेक बोर्डांवर ते बंद ठेवावं लागतं, नाहीतर कर्नल मेमरीत बसतानाच अडखळतो. तुमच्या मित्राला लागणारी एसएसडीटी-पीएमसी ही फाइलही तुम्हाला नको, ती ३०० सिरीजच्या बोर्डांसाठी आहे. मशीन कुठला मॅक म्हणून ओळख सांगतं ते मॉडेल आयमॅक१९,१ ऐवजी आयमॅक२०,१ ठेवा. आणि सिरियल नंबर! तो मित्राचाच राहिलाय. दोन मशीनं एकाच सिरियलने, दोन वेगळ्या अ‍ॅपल आयडींनी अ‍ॅपलच्या सर्व्हरशी बोलायला लागली तर आयमेसेज तुमचंही अडकेल आणि त्याचंही. जेनएसएमबायॉस या साधनाने स्वतःचा तयार करा आणि अ‍ॅपलच्या वॉरंटी तपासणीच्या पानावर टाकून बघा. तिथे तो वैध नाही असं आलं पाहिजे. वैध निघाला तर ते कुणाचं तरी खरं मशीन आहे, दुसरा काढा.

म्हणून तो फोल्डर पुसून टाका. मित्राने चांगल्या मनानेच दिला असेल, पण ईएफआय फोल्डर हा त्या एका बोर्डाच्या मापाने बेतलेला कपडा असतो. ओपनकोअर बनवणाऱ्या अ‍ॅसिडँथेराने दिलेली ताजी आवृत्ती उतरवा, तिच्यासोबत येणाऱ्या सँपल.पीलिस्टवरून स्वतःची कॉन्फिग लिहा आणि डॉर्टानियाच्या ओपनकोअर मार्गदर्शकातलं कॉमेट लेकचं, म्हणजे तुमच्या प्रोसेसरच्या पिढीचं, प्रकरण शेजारी उघडं ठेवा. ओपनकोअरचे ड्रायव्हर तीनच पुरे: ओपनरनटाइम, एचएफएसप्लस आणि मेनूत एनव्हीरॅम रीसेटचा पर्याय आणणारा रीसेटएनव्हीरॅमएंट्री. केक्स्ट, म्हणजे मॅकओएसच्या कर्नलला जोडायचे ड्रायव्हर, सुरुवातीला लिलू, व्हर्च्युअलएसएमसी, व्हॉटएव्हरग्रीन, अ‍ॅपलएएलसी, तुमच्या लॅन चिपचं एक आणि तुमचा यूएसबी नकाशा. लिलू सगळ्यांच्या आधी, कारण बाकीचे त्याच्या खांद्यावर उभे असतात. एसीपीआय फोल्डरात एसएसडीटीच्या तीन फाइली: प्लग, ईसी-यूएसबीएक्स आणि अवॅक. शेवटी कॉन्फिग तपासणारं ओसीव्हॅलिडेट चालवा. आवृत्ती एक आणि कॉन्फिग दुसऱ्या आवृत्तीची, ही गल्लत ते लगेच पकडतं.

बायॉसमध्ये सिक्युअर बूट, सीएसएम आणि फास्ट बूट बंद. सीएफजी लॉक दिसला तर बंद, आणि पर्यायच नसेल तर कॉन्फिगमध्ये अ‍ॅपलएक्ससीपीएमसीएफजीलॉक चालू करा. अबव्ह ४जी डिकोडिंग चालू, एक्सएचसीआय हँड-ऑफ चालू, डिस्क एएचसीआयवर. बायॉस अपडेट केलंत तर हे सगळं मूळपदावर जातं, तेव्हा मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

इन्स्टॉल करताना लॅनची वायर लावा. रिकव्हरीचा पेनड्राइव्ह लहान असतो, मुख्य सिस्टीम तो नेटवरून ओढतो आणि ती दहा जीबीच्या वर जाते. वायफायचं नंतर बघता येईल.

एनव्हीएमई कुठली आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि ते महत्त्वाचं आहे. सॅमसंगच्या पीएम९८१ सारख्या काही डिस्कवर मॅकओएस इन्स्टॉल होताना किंवा नंतर कर्नल पॅनिक येतो, म्हणजे सिस्टीम कोसळते. या डिस्क कंपनीने जोडून विकलेल्या तयार मशीनमध्ये येतात आणि सुट्या करून स्वस्तात विकल्या जातात. डिस्कवरचं लेबल वाचा. विंडोजची डिस्क मात्र इन्स्टॉलच्या वेळी काढूनच ठेवा. चुकून ती पुसली गेली तर कुणाच्या लग्नाचं शूटिंग परत येणार नाही.

आता सगळ्यात कामाची सवय. बूट-आर्ग्जमध्ये (कॉन्फिगमधल्या, सुरू होताना द्यायच्या सूचनांच्या ओळीत) डॅश आणि व्ही हे अक्षर घाला. सफरचंद जाऊन पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावायला लागतील. त्यातली शेवटची ओळ बघायची. एक्झिटबीएस:स्टार्ट वर थांबलं तर बूटरची मेमरीची सेटिंग. पीसीआय कॉन्फिगरेशन बिगिन वर थांबलं तर अबव्ह ४जी. वेटिंग फॉर रूट डिव्हाइस आलं तर यूएसबी किंवा डिस्क. आणि सगळ्या ओळी संपून जीआयओस्क्रीनलॉकस्टेट जवळ पडदा काळा झाला तर ग्राफिक्स. पट्टी अर्ध्यावर थांबली असं सांगणारे दहा जण असतात आणि दहांचे आजार वेगळे निघतात, म्हणून पट्टीवरून निदान करू नका. एका वेळी एकच बदल करा, वहीत लिहा, ओपनकोअरच्या मेनूतून एनव्हीरॅम (बूटच्या सेटिंग साठवणारी मेमरी) रीसेट करा, मग बूट करा. आणि चाललेला फोल्डर दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा. पुढे कधी अपडेटने घोळ घातला तर तोच उपयोगी पडेल.

कार्डाबद्दल. यूएचडी ६३० वर फायनल कट उघडेल, कापाकापी होईल, पण ४के च्या दोन-तीन थरांवर रंगकाम करायला लागलात की ते धापा टाकेल. घ्यायचंच तर आरएक्स ६६००, त्याचा ड्रायव्हर मॉन्टेरी १२.१ पासून सिस्टीममध्येच आहे. बूट-आर्ग्जमध्ये एजीडीपीमॉड=पिकेरा तेवढं घाला, नाहीतर पडदा काळाच राहील. ६५०० एक्सटी अजिबात घेऊ नका, आणि ६७०० एक्सटी सिस्टीमच्या मूळ ड्रायव्हरवर चालत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन आरएक्स ५८० जुनं स्वस्तात मिळेल, पण त्यात २०४८एसपी नावाचा प्रकार भरपूर फिरतो. त्याचा डिव्हाइस आयडी वेगळा असल्याने सिस्टीम त्याला सरळ ओळखत नाही. खोक्यावर फक्त ५८० छापलेलं असतं, तेव्हा दुकानदाराला कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट मागा आणि शेडरचा आकडा २३०४ आहे का ते बघा.

तरी मनापासून सांगतो, कार्डावर पैसे घालण्याआधी हिशेब करा. एम४ चा मॅक मिनी २०२४ च्या शेवटी भारतात आला तेव्हा ५९,९०० रुपयांपासून होता, १६ जीबी रॅमसकट. मशीन घरात आहेच, म्हणून त्यावर सिक्वोया चालवून फायनल कट हाताला बसतं का ते बघा. बसलं, तर पुढचा पैसा कार्डात न घालता मिनीसाठी साठवा. आणि तुळशीची लग्नं लागली की तुम्हाला मान वर करायला फुरसत नसते, तेव्हा चालू सीझनचं काम विंडोजवरच राहू द्या. गिऱ्हाइकाची तारीख आणि हा प्रयोग एकत्र आणू नका.

नवा फोल्डर झाला, कार्ड काढलं आणि तरी अडकलं, तर तीन गोष्टी पाठवा: बोर्डाचं पूर्ण मॉडेल आणि बायॉसची आवृत्ती, एनव्हीएमईच्या लेबलचा फोटो, आणि थांबलेल्या पडद्यावरच्या शेवटच्या दहा-बारा ओळींचा न हललेला फोटो. सिरियल नंबर झाकून मग कॉन्फिगही टाका, मी रात्री नऊनंतर बसून वाचतो.