कॅश चालू आहे, तरी साइट का मंदावते?

प्रश्न : आमच्या संस्थेची पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालणारी साइट मी एकटाच सांभाळतो. ओपीकॅश (पीएचपीचा तयार कोड मेमरीत धरून ठेवणारी सोय) चालू केल्यावर ती एकदम पळायला लागली. पण दोन-तीन दिवस गेले की पुन्हा रेंगाळते, त्यातही काही फाइली अपडेट केल्या की जास्तच. पीएचपी-एफपीएम (सर्व्हरवर पीएचपी चालवणारा प्रोग्रॅम) रिस्टार्ट केलं की परत ठणठणीत. शेवटी रोज पहाटे आपोआप रिस्टार्ट करणारा क्रॉन (ठरल्या वेळी चालणारं काम) लावला. मेमरी वाढवायला धजत नाही, कारण माझे वीस वर्कर (रिक्वेस्ट हाताळणारे एफपीएमचे प्रोसेस) आहेत. प्रत्येकाने 256 एमबी घेतली तर सर्व्हरच बसेल. स्टेटसचं आउटपुट सोबत जोडलं आहे.

उत्तर : आउटपुट जोडलंत हे फार बरं केलंत. बहुतेक पत्रांत नुसतं 'साइट स्लो आहे' एवढंच असतं आणि मला अंदाजाने उत्तर द्यावं लागतं. तुमच्या बाबतीत अंदाजाची गरजच नाही. मेमरी 128 एमबी, शिल्लक जवळजवळ शून्य, वेस्टेड (वाया गेलेली) 3 टक्के, 'कॅश फुल' समोर ट्रू आणि 'ओओएम रिस्टार्ट्स' (मेमरी संपल्यामुळे कॅश किती वेळा रिकामी झाली) समोर 0. या पाच नोंदी एकत्र वाचल्या की दुखणं कळतं.

ओपीकॅश काय वाचवतं ते आधी बघू. पीएचपीची फाइल म्हणजे साधा मजकूर. रिक्वेस्ट आली की पीएचपी तो वाचतं, व्याकरण तपासतं, त्याचे ऑपकोड, म्हणजे थेट चालवता येतील अशा सूचना, बनवतं (यालाच कंपाईल करणं म्हणतात) आणि मग ते चालवतं. काम संपलं की ऑपकोड टाकून देतं, आणि पुढच्या रिक्वेस्टला पहिले पाढे पंचावन्न. ओपीकॅश हे तयार ऑपकोड शेअर्ड मेमरीत धरून ठेवतं. पूर्वी यासाठी एपीसी नावाचं एक्स्टेन्शन वेगळं बसवायला लागायचं. 2013 साली पीएचपी 5.5 आलं तेव्हापासून ओपीकॅश पीएचपीसोबतच मिळतं.

आता तुमचा मुद्दा. बऱ्याच जणांची समजूत अशी असते की कॅश भरली की ओपीकॅश जुन्या, कमी वापरातल्या फाइली काढतं आणि नव्यांना जागा देतं. तसं ते करत नाही. जागा संपली की नवी फाइल आत घेणं बंद. ती फाइल मग दर रिक्वेस्टला नव्याने कंपाईल होत राहते. आणि तुम्ही एखादी फाइल अपडेट करता तेव्हा तिची जुनी प्रत जागेवरच पडून राहते, फक्त 'वेस्टेड' म्हणून मोजली जाते. ती जागा लगेच वापरता येत नाही. नव्या प्रतीला जागा नसली की तीही बाहेर राहते. समजा तुम्ही प्रत्येक पानावर लागणारी एखादी मुख्य फाइल बदललीत, तर तुमची सर्वात जास्त चालणारी फाइलच कॅशबाहेर गेली. अपडेटनंतर साइट जास्त रेंगाळते ती यामुळे.

मग ओपीकॅश स्वतःहून साफसफाई का करत नाही? करतं, पण वेस्टेड जागा 'मॅक्स वेस्टेड पर्सेंटेज'च्या वर गेल्यावरच, आणि ती मर्यादा मुळात 5 टक्के असते. तुमची 3 वर अडकली आहे. म्हणजे कॅश भरलेली, पण रिकामी करण्याइतका कचरा साठलेला नाही. ओओएम रिस्टार्ट शून्य दिसतात म्हणून तुम्ही निश्चिंत राहिलात, पण इथे तो शून्यच दुखण्याची खूण आहे.

वर्करची भीती मात्र मनातून काढून टाका. ही मेमरी शेअर्ड असते. एफपीएमचा मास्टर प्रोसेस ती एकदाच घेतो आणि त्याच्या हाताखालचे सगळे वर्कर तीच वापरतात. वर्कर वीस असोत की दोनशे, 256 म्हणजे 256च. 'मेमरी कन्झम्प्शन' 256 करा, एफपीएम रिस्टार्ट करा आणि तो पहाटेचा क्रॉन काढून टाका. क्रॉन चालू असेल तर खरी गरज किती हे कधीच कळणार नाही. आठवडाभर, मधे एक-दोन अपडेट होऊ देऊन, शिल्लक मेमरी बघत राहा. आठवड्याअखेर ठीकठाक जागा उरली असेल तर तिथेच थांबा. सर्व्हरवर रॅम आहे म्हणून एक जीबी देऊन टाकण्यात काही अर्थ नाही.

'इंटर्न्ड स्ट्रिंग्ज बफर'सुद्धा बघा. कोडमध्ये पुन्हा पुन्हा येणारे शब्द एकदाच साठवायची ही जागा. तो मुळात 8 एमबी असतो आणि मोठ्या फ्रेमवर्कला सहज कमी पडतो. 16 करा. ही जागा वरच्या 256 मधूनच जाते, हे हिशेबात धरा.

'मॅक्स ॲक्सिलरेटेड फाइल्स', म्हणजे कॅशमध्ये जास्तीत जास्त किती फाइली घ्यायच्या तो आकडा, मुळात 10000 असतं. साइटच्या फोल्डरमधल्या सगळ्या पीएचपी फाइली फाइंड कमांडने मोजा आणि आकडा त्याहून मोठा ठेवा. स्टेटसमध्ये 10000 च्या जागी 16229 दिसलं तर गोंधळू नका. ओपीकॅश तुमचा आकडा जसाच्या तसा घेत नाही, ठरलेल्या मूळ संख्यांच्या यादीतली त्याहून मोठी पहिली संख्या घेतं. 20000 लिहिलंत तर 32531 दिसेल.

एक गोष्ट मात्र तुम्हालाच तपासावी लागेल. तुमची साइट स्वतःच्या डेटाची कॅश पीएचपी फाइलींच्या रूपात लिहिते का? काही सिस्टिम असं करतात, आणि दर वेळी फाइलचं नाव नवं असतं. अशा फाइली ओपीकॅश हळूहळू भरून टाकतात आणि तुम्ही मेमरी कितीही वाढवा, ती पुरत नाही. तसं असेल तर 'ब्लॅकलिस्ट फाइलनेम' वापरून तो फोल्डर वगळा. टेम्प्लेटच्या कंपाईल झालेल्या फाइली मात्र वगळू नका. त्यांची नावं सहसा कायम राहतात आणि त्यांना कॅशचा खरा उपयोग होतो.

आणि एवढं करूनही एखादं पान हळूच राहिलं, तर डेटाबेसच्या क्वेरी बघा. ओपीकॅश फक्त कंपाईलचा वेळ वाचवतं. क्वेरीला दोन सेकंद लागत असतील तर ती दोन सेकंद तशीच राहणार.

प्रश्न : वेग वाढावा म्हणून 'व्हॅलिडेट टाइमस्टॅम्प्स' (फाइल बदलली का हे तपासणारी सेटिंग) 0 केलं. आता नवा कोड टाकला तरी जुनाच चालतो. कमांड लाइनवरून 'ओपीकॅश रीसेट' (कॅश रिकामी करणारं फंक्शन) चालवलं, काहीच फरक नाही.

उत्तर : फरक पडणारच नव्हता. कमांड लाइनवरचं पीएचपी हा वेगळा प्रोसेस आहे, एफपीएमच्या मेमरीशी त्याचा संबंध नाही. शिवाय तिथे ओपीकॅश मुळात बंदच असतं. कोड टाकल्यावर एफपीएम रीलोड करा, आणि ही पायरी डिप्लॉय स्क्रिप्टमध्येच (नवा कोड सर्व्हरवर टाकणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) लिहा, लक्षात ठेवण्यावर सोडू नका.

पण माझं स्पष्ट मत सांगतो : ज्या साइटवर लोक ॲडमिन पॅनेलमधून प्लगइन अपडेट करतात, तिथे हे 0 करूच नये. 1 ठेवा आणि 'रिव्हॅलिडेट फ्रीक्वेन्सी' (ही तपासणी किती सेकंदांनी करायची) मुळातल्या 2 सेकंदांवरून 60 वर न्या. तपासणी बरीच कमी होते आणि सुरक्षेची दुरुस्ती फार तर मिनिटभरात लागू होते. भोक बुजवलं असं समजून तुम्ही निवांत बसायचं आणि सर्व्हरने जुनाच कोड चालवत राहायचं, ही जोखीम मला त्या थोड्याशा वेगासाठी मान्य नाही.

जागा वाचवायला 'सेव्ह कॉमेंट्स' 0 करायचा सल्लाही कोणी देईल. करू नका. काही लायब्ररी कोडवरच्या कॉमेंटमधल्या खुणा वाचून चालतात, त्या तिथल्या तिथे मोडतात.

प्रश्न : पीएचपी 8 मधलं जेआयटी (ऑपकोडचं थेट मशीनच्या भाषेत रूपांतर करणारी सोय) चालू करावं का?

उत्तर : साधारण वेबसाइटसाठी घाई नको. जेआयटीचा फायदा आकडेमोडीच्या जड कामांत दिसतो. वेबचं पान बहुतेक वेळ डेटाबेसची किंवा दुसऱ्या सर्व्हरची वाट बघत असतं, तिथे तो जेमतेम जाणवतो. चालू करायचंच असेल तर आधी टेस्ट सर्व्हरवर, आधीचे आणि नंतरचे आकडे मोजून.