मागणीपत्रापासून बिलापर्यंत : खरेदी विभागाविषयी वाचकांचे प्रश्न

खरेदी, भांडार आणि पुरवठा या विषयांवर नागपूर परिसरातून आलेल्या पत्रांत या वेळी एकच चिंता वारंवार डोकावते : कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या प्रणाली कार्यालयात आल्या, आता आमचे काय? त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून, नावे न छापण्याची विनंती पाळली आहे.

प्रश्न : मी बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात खरेदी सहायक आहे. आमच्याकडे नुकतीच एक प्रणाली बसवण्यात आली. ईमेलवर आलेली कोटेशने ती स्वतःच वाचते, तुलनात्मक तक्ता तयार करते आणि बिले पीओ (खरेदी आदेश) व जीआरएनशी (माल मिळाल्याची भांडारातील नोंद) जुळवून लेखा विभागाकडे पाठवते. आजवर हेच माझे काम होते. साहेब म्हणतात, काळजी करू नका. पण काळजी वाटते. माझ्या जागेचे काय होईल?
— खरेदी सहायक, बुटीबोरी

उत्तर : साहेबांच्या दिलाशावर विसंबून राहू नका, असेच मी सांगेन. बिल जुळवणीचे काम आपल्या हातून जाणार, हे गृहीत धरा. त्याची सुरुवात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बोलबाल्याआधीच झाली होती. 1 ऑक्टोबर 2020 पासून 500 कोटी रुपयांवरील उलाढालीच्या उद्योगांना ई-इन्व्हॉइस बंधनकारक झाले आणि ती मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली येत 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवर आली. अशा बिलाला 64 अक्षरांचा संदर्भ क्रमांक आणि क्यूआर कोड असतो, म्हणजे बिल मुळातच संगणकाला वाचता येईल अशा रूपात जन्माला येते. मग पीओतील दर, जीआरएनमधील नग आणि बिलातील रक्कम यांचा मेळ घालायला माणूस कशासाठी हवा? पुरवठादाराचे बिल जीएसटीआर-2बीमध्ये, म्हणजे पुरवठादारांच्या विवरणांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणाऱ्या मासिक यादीत, दिसते की नाही, ही दर महिन्याची तपासणीही त्याच वाटेने जाईल. जुळत नाहीत तेवढीच बिले आपल्यापुढे येतील, आणि अशा बिलांसाठी पूर्वीइतकी माणसे लागणार नाहीत.

तुलनात्मक तक्त्याची गोष्ट वेगळी आहे. समजा, एका पुरवठादाराने 1,00,000 रुपये एक्स-वर्क्स पुणे (माल त्याच्या पुण्यातील दारातून आपण उचलायचा) असा दर दिला, पॅकिंग-फॉरवर्डिंग 2 टक्के वेगळे, आणि पुण्याहून नागपूरपर्यंत भाडे 4,000 रुपये पडते; दुसऱ्याने 1,04,500 रुपये एफओआर नागपूर (नागपूरपर्यंतचे भाडे धरून) सांगितले. कागदावर पहिला स्वस्त असला तरी कारखान्याच्या दारात तो 1,06,000 रुपयांना पडतो. इतके गणित आजची प्रणाली बिनचूक करते, त्यात तिच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. घोडे अडते ते पुढे, म्हणजे दोघांनी देऊ केलेली वस्तू एकच आहे का, या प्रश्नावर.

आपल्या भांडारातील एखाद्या बेअरिंगचेच उदाहरण घ्या. 6205 हा क्रमांक सर्वांच्या तोंडी असतो : आतला व्यास 25 मिलिमीटर, बाहेरचा 52, रुंदी 15. परंतु त्यापुढची अक्षरे खरी महत्त्वाची. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणे, टूआरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, आणि सी-थ्री म्हणजे आतील मोकळीक नेहमीपेक्षा जास्त. विजेच्या मोटरमध्ये आतली कडी तापून प्रसरण पावते, म्हणून तेथे बहुधा सी-थ्री मागतात. कोळशाच्या किंवा सिमेंटच्या धुळीत चालणाऱ्या यंत्राला पत्र्याच्या झाकणापेक्षा रबरी सील बरे. आता मागणीपत्रात जर कोणी नुसते ‘बेअरिंग 6205’ लिहिले असेल, तर प्रणाली तिन्ही प्रकारांची कोटेशने एका रांगेत मांडील आणि सर्वांत स्वस्त असलेल्यापुढे बरोबरची खूण करील. तिची यात चूक नाही, तिला सांगितलेच तेवढे होते. मात्र नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 अंशांवर असताना, मोटर बसली की मेंटेनन्सवाले जाब विचारायला खरेदी विभागातच येणार.

अनेक कारखान्यांच्या मटेरियल मास्टरमध्ये, म्हणजे वस्तूंच्या संगणकीय यादीत, हेच बेअरिंग चार-पाच नावांनी आणि तितक्याच कोडांनी नोंदलेले असते. कोणी ‘बॉल बेअरिंग’ लिहिले, कोणी ‘बीआरजी’, कोणी कंपनीचे नाव आधी घातले. परिणामी एका कोडवर साठा पडून असतो आणि दुसऱ्या कोडवर तातडीची खरेदी चालू असते. सारख्या वाटणाऱ्या नोंदी शोधून काढण्यात नव्या प्रणाली खरोखर तरबेज आहेत, पण त्या नोंदी खरोखर एक आहेत की दिसायलाच सारख्या आहेत, हा निवाडा माल हाताळलेल्या माणसालाच करावा लागतो. माझा आपल्याला स्पष्ट सल्ला आहे की, हे साफसफाईचे काम आपण होऊन मागून घ्या. ते कंटाळवाणे आहे, कोणी आनंदाने करीत नाही, आणि ते झाल्याशिवाय लाखो रुपयांची प्रणाली उपयोगाची ठरत नाही, हे व्यवस्थापनाला लवकरच कळते.

माणूस लागतो अशी दुसरी जागा लीड टाइमची, म्हणजे ऑर्डरपासून माल येईपर्यंतच्या दिवसांची. माल किती दिवसांत येतो, हे प्रणाली जुन्या नोंदींवरून शिकते. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी आणि इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. भिवंडीहून भरलेला ट्रक थेट आपल्या दारात येत असेल, तर त्याआधीच्या नोंदींवरून काढलेला लीड टाइम आता जास्तीचा ठरेल, प्रणाली गरजेपेक्षा लवकर ऑर्डर टाकत राहील आणि पैसा भांडारात अडकून पडेल. उलट, फुटकळ माल ट्रान्सपोर्टच्या गोदामात गाडी भरेपर्यंत पडून राहतो, त्याला 701 किलोमीटरच्या रस्त्याचा फारसा उपयोग नाही. कोणता माल कोणत्या मार्गाने येतो, हे आपल्याला ठाऊक आहे. प्रणालीला ते सांगितल्याशिवाय कळणार नाही. वर्षातून एखाद्या वेळी लागणाऱ्या सुट्या भागांबाबत तर तिच्या अंदाजावर मी मुळीच भरवसा ठेवणार नाही, कारण ज्या नोंदींवरून शिकायचे त्या नोंदीच मोजक्या असतात.

थोडक्यात, जागा कमी होतील. पण मागणी लिहिणाऱ्या विभागाला उलट प्रश्न विचारू शकणारा माणूस खरेदी विभागात राहील, असे माझे मत आहे.

प्रश्न : हिंगण्याला माझे फॅब्रिकेशनचे छोटे युनिट आहे. एका मोठ्या ग्राहकाने दर ठरवण्यासाठी आता चॅटबॉट नेमला आहे. पूर्वी त्यांचे साहेब ‘भाऊ, थोडे कमी करा’ म्हणायचे आणि चहावर विषय संपायचा. हा बॉट मात्र दर आणि पेमेंटचे दिवस यांचे पर्याय पुढे टाकतो. त्याने मान्य केलेली गोष्ट उद्या कंपनी नाकारू शकते का? त्याने 90 दिवसांची उधारी सुचवली आहे, ती घ्यावी का?
— लघुउद्योजक, हिंगणा

उत्तर : आधी कायद्याचे पाहू. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 10अ नुसार, करार इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला एवढ्याच कारणाने तो अवैध ठरत नाही. कलम 11 आणखी पुढे जाते : एखाद्याने किंवा त्याच्या वतीने आपोआप चालण्यासाठी रचलेल्या प्रणालीने पाठवलेला संदेश त्याचाच मानला जातो. ‘ते तर यंत्र बोलले’ ही सबब कंपनीला सहजासहजी चालणार नाही. तरीही त्या संभाषणाच्या सुरुवातीला किंवा शेवटी ‘अंतिम मान्यता अधिकाऱ्याच्या सहीने’ अशी ओळ आहे का, ते वाचा. ती असेल, तर पीओ हाती पडेपर्यंत पत्रा कापायला घेऊ नका. संभाषणाची प्रतही जपून ठेवा.

अशा बॉटचा स्वभाव समजून घेणे फायद्याचे आहे. अमेरिकेतील वॉलमार्टने 2021 मध्ये पॅक्टम या कंपनीच्या प्रणालीकडून लहान पुरवठादारांशी बोलणी करून पाहिली. त्यांतील 64 टक्के पुरवठादारांशी सौदे झाले आणि खर्चात सरासरी 1.5 टक्के बचत झाली. माणसाला ज्यांच्याशी बोलायला वेळच नसतो अशा पुरवठादारांसाठी हे बॉट वापरले जातात, आणि त्यांना आधीच मर्यादा आखून दिलेली असते : दर इतका वाढला तर दिवस इतके वाढवून घ्या, वर्षभराचा करार मिळाला तर इतकी सूट मागा. बॉटला भीड पडत नाही, पण राग, अहंकारही नाही. म्हणून चहाच्या बैठकीत जे मागायला आपण संकोचलो असतो, ते येथे बिनदिक्कत मागावे. नुसता दर कमी-जास्त करत बसण्यापेक्षा पोलादाच्या भावाशी बांधलेला दर, पूर्ण ट्रकभर ऑर्डर किंवा लवकर पेमेंट यांपैकी काहीतरी बदल्यात मागा. मात्र आपला तळाचा दर आधी कागदावर लिहून ठेवा. रिव्हर्स ऑक्शनच्या (पुरवठादारांनी दर उतरवत जाण्याच्या लिलावाच्या) शेवटच्या मिनिटांत अनेकांचे भान सुटते ते हा कागद जवळ नसल्यामुळे.

90 दिवसांची उधारी घेऊ नका. आपले युनिट सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम या सरकारी नोंदणी पोर्टलवर नोंदलेले असेल, तर एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदा, 2006 च्या कलम 15 नुसार लेखी करार असला तरी 45 दिवसांपलीकडची मुदत चालत नाही. करारच नसेल तर 15 दिवस. उशीर झाल्यास कलम 16 प्रमाणे रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. शिवाय आर्थिक वर्ष 2023-24 पासून लागू झालेल्या प्राप्तिकराच्या तरतुदीनुसार, मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच खर्च म्हणून दाखवता येते. बॉटला ही मर्यादा शिकवलेली नसेल, तर ग्राहकाच्या लेखा विभागाला पत्र लिहून ती निदर्शनास आणा; आपल्यापेक्षा जास्त घाई त्यांनाच होईल. नोंदणी पुरवठ्याच्या आधीची असेल याची खातरजमा करा, कारण नंतरच्या नोंदणीवरून वाद होतात.

प्रश्न : सर्व काही यंत्राने ठरवले तर खरेदीतील कमिशनबाजी बंद होईल का?
— सेवानिवृत्त अंतर्गत लेखापरीक्षक, धरमपेठ

उत्तर : काही प्रकार नक्कीच उघडे पडतील. मंजुरीची मर्यादा 50,000 असताना एकाच पुरवठादाराला एकाच आठवड्यात 49,800 आणि 49,500 च्या ऑर्डरी जाणे, ‘स्पर्धक’ म्हणून कोटेशन देणाऱ्या तीन फर्मचा पत्ता किंवा बँक खाते एकच असणे, दर वेळी तेच तिघे असून आळीपाळीने एल-वन (सर्वांत कमी दराचे) येणे, अशा गोष्टी हजारो नोंदींतून शोधणे माणसाला जमत नव्हते. आपण नमुना तपासणीत पाच-दहा फायली पाहत होतात. प्रणाली सर्व पाहते.

परंतु पाणी मुरते ते त्याच्या आधी. स्पेसिफिकेशन लिहितानाच एखादा आकार किंवा एखादे प्रमाणपत्र असे घातले की एकच पुरवठादार पात्र ठरावा, तर पुढची सारी तुलना नियमानुसारच होते आणि यंत्र तिच्यावर शिक्कामोर्तब करते. तेव्हा आपल्या मंडळींनी तपासणीचा रोख पीओवरून मागणीपत्राकडे वळवावा. फक्त एकच फर्म पात्र ठरली अशा निविदा वेगळ्या काढून त्यांचे स्पेसिफिकेशन कोणी, कधी बदलले ते पाहिले, तर बरेच काही हाती लागेल. प्रणालीची शिफारस कोणी डावलली याची नोंद बहुतेक ठिकाणी राहते. ती मुकाट्याने स्वीकारली गेली तेथेही ‘कोणी पाहिले’ हा रकाना असावा, अशी आग्रहाची सूचना करतो. यंत्राला मेमो देता येत नाही.

प्रश्न : मी नागपुरात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. खरेदी क्षेत्रात यायचे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचा महागडा अभ्यासक्रम करावा का? आणि सरावासाठी मामांच्या दुकानातील कोटेशने मोफत चॅटबॉटमध्ये टाकली तर चालतील का?
— विद्यार्थिनी, नंदनवन

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी : नको. कोटेशन हा पुरवठादाराने विश्वासाने दिलेला दर असतो. मोफत सेवांमध्ये टाकलेल्या मजकुराचा पुढे कसा वापर होतो, यावर तुमचे नियंत्रण राहत नाही. सरावासाठी नावे आणि आकडे बदलून तुम्हीच खोटी कोटेशने तयार करा, आणि चॅटबॉटने काढलेली बेरीज एक्सेलमध्ये पुन्हा पडताळा.

महागडा अभ्यासक्रम आत्ता करू नये, असे मला वाटते. प्रणाली दर वर्षी बदलतात, आणि कंपनीत रुजू झाल्यावर तेथे वापरात असलेली प्रणाली ती कंपनीच शिकवते. जीएसटी, इन्कोटर्म्स 2020 मधील (माल पोचवण्याचा खर्च व जोखीम कोणाची हे ठरवणाऱ्या) 11 संज्ञा आणि करार कायद्याची मूलतत्त्वे पक्की करा. नागपुरात वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मॉईल यांची मुख्यालये आहेत. अशा सार्वजनिक उपक्रमांच्या निविदा 2016 मध्ये सुरू झालेल्या जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर आणि त्यांच्या संकेतस्थळांवर कोणालाही वाचता येतात. आठवड्याला एक निविदा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा आणि न समजलेला शब्द शोधून काढा. मामांचे दुकान हार्डवेअरचे असेल तर सुटीत तेथे बसा. गिऱ्हाईक काय मागते आणि त्याला प्रत्यक्षात काय हवे असते, हे गल्ल्याशेजारी उभे राहून लवकर कळते.