‘हितगट’, ‘दबावगट’, ‘लॉबी’ आणि ‘पॅक’

प्रश्न असा आहे: अमेरिकी राजकारणावरचा मजकूर मराठीत आणताना ‘इंटरेस्ट ग्रुप’ला हितसंबंधी गट म्हणावे, दबावगट म्हणावे की सरळ लॉबी? आणि ‘पॅक’साठी (पीएसी, म्हणजे पोलिटिकल ॲक्शन कमिटी) ‘राजकीय कृती समिती’ चालेल का?

नॅशनल रायफल असोसिएशन डोळ्यांसमोर ठेवा. ही संघटना १८७१ साली न्यूयॉर्कमध्ये नेमबाजीला उत्तेजन देण्यासाठी निघाली. बंदूकधारक सभासदांचे हित पाहणारी, म्हणून ती हितगट. कायदे करणाऱ्यांकडे ती पूर्वीपासून जात होतीच. १९७५मध्ये त्यासाठी तिने खास शाखा उघडली. हे काम करताना ती दबावगट. उमेदवारांना पैसे देण्यासाठी १९७६मध्ये तिने वेगळा निधी उभारला, तो पॅक. संघटना एकच, पण वाक्यात ती काय करते आहे त्यावर शब्द ठरतो.

पाठ्यपुस्तकांत ‘हितसंबंधी गट’ रूढ आहे, तरी मी ‘हितगट’ सुचवेन. ‘या कंत्राटात आमदारांचे हितसंबंध गुंतले आहेत’ अशी वाक्ये वाचून वाचून आपल्याकडे ‘हितसंबंध’ म्हटले की भानगडीचा वास येतो. ज्येष्ठांसाठी काम करणारी एएआरपी ही अमेरिकेतली बलाढ्य संघटना उमेदवारांना ना पाठिंबा देते ना पैसे. तिला ‘हितसंबंधी’ म्हटले की वाचकाच्या मनात नसता संशय उभा राहतो.

‘लॉबी’ शब्द ठेवायला हरकत नाही, मात्र आपली ‘साखर लॉबी’ डोक्यातून काढून. तिच्यात कारखानदार आमदार स्वतःच असतात, तेही सगळ्या पक्षांचे. वॉशिंग्टनमधला लॉबिस्ट म्हणजे कायदे करणाऱ्यांकडे अशिलाची बाजू मांडणारा बाहेरचा, पगारी माणूस असतो. १९९५च्या कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपलीकडे हे काम गेले की ४५ दिवसांत नोंदणी करावी लागते, आणि दर तिमाहीला अशिलाचे नाव, विषय आणि रक्कम जाहीर करावी लागते. त्यामुळे ‘दलाल’ हे भाषांतर चुकीचेच. ‘मोर्चेबांधणी’ही नको, ती उमेदवारीसाठीसुद्धा होते.

इथे ‘पक्ष’ या शब्दानेही घोटाळा होतो. अमेरिकेत श्रेष्ठी तिकीट देत नाहीत, कापत नाहीत. उमेदवार मतदारच प्रायमरीत, म्हणजे उमेदवार ठरवण्याच्या प्राथमिक निवडणुकीत, निवडतात, आणि प्रचाराचा पैसा उमेदवाराला बहुतांशी स्वतः जमवावा लागतो. तिथेही प्रतोद आहेत, पण त्यांचे न ऐकल्याने सदस्यत्व जात नाही. आपल्याकडे १९८५पासून राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टामुळे (पक्षांतरबंदी) ते जाऊ शकते. म्हणूनच तिथला लॉबिस्ट पक्षनेत्यांवर न थांबता एकेका सदस्याचे दार ठोठावतो. ‘पक्षादेश झुगारला’ हे वाक्य तिथल्या बातमीत फार जड होते. ‘पक्षाविरुद्ध मत दिले’ एवढे पुरे.

आता पॅक. ‘राजकीय कृती समिती’ हे शब्दशः बरोबर आणि अर्थाने फसवे आहे. मराठी वाचकाला ‘कृती समिती’ म्हटले की धरणे, निवेदन, रास्ता रोको दिसतो. पॅक म्हणजे निवडणुकीसाठी पैसे जमवून वाटणारी नोंदणीकृत समिती, म्हणून ‘निवडणूक निधी समिती’ म्हणा. नेहमीच्या मोठ्या पॅकला एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी ५,००० डॉलर देता येतात. प्रायमरी आणि मुख्य निवडणूक वेगळी मोजतात, म्हणजे एकूण १०,०००. भाषांतरात ‘एका निवडणुकीसाठी’ हे शब्द गाळले की आकडा निम्म्यावर येतो.

सर्वात जास्त चुका ‘सुपर पॅक’मध्ये होतात. ‘सुपर’चा आकाराशी संबंध नाही. २०१०च्या न्यायालयीन निकालांनंतर आलेल्या या समित्या देणग्या कितीही घेऊ शकतात, खर्चही कितीही करू शकतात. उमेदवाराला मात्र थेट एक डॉलरही देऊ शकत नाहीत, आणि जाहिराती त्याच्याशी संगनमत न करता द्याव्या लागतात. म्हणून ‘सुपर पॅकने उमेदवाराला दोन कोटी डॉलर दिले’ असे लिहू नका. ‘उमेदवाराच्या बाजूने दोन कोटी डॉलर खर्च केले’ असे लिहा.