ऑफिसात सातच माणसं आणि त्रास देणारा खुद्द मालक. लैंगिक छळाची तक्रार करायची कुठे?

जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यातलं कलम 6 नेमकं तुमच्यासारख्यांसाठीच आहे: दहापेक्षा कमी कर्मचारी असल्यामुळे ऑफिसची स्वतःची तक्रार समिती (अंतर्गत समिती) नसेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर प्रकरण याच समितीकडे जातं. तेव्हा "आमच्याकडे समितीच नाही" हे ऐकून परत फिरू नका. समितीचा पत्ता जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळेल. केंद्र सरकारच्या 'शी-बॉक्स' या ऑनलाइन तक्रार पोर्टलवरूनही तक्रार करता येते. कागदावर देणार असाल तर नियमाप्रमाणे सहा प्रती लागतात. सोबत पुरावे (व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट चालतील, पण मूळ चॅट डिलीट करू नका) आणि साक्षीदारांची नावं-पत्ते जोडा. लिहिणं जमत नसेल तर लिहून द्यायला मदत करणं हे समितीचंच काम आहे. चौकशी 90 दिवसांत संपायला हवी. ती चालू असताना तीन महिन्यांपर्यंत रजा लेखी मागता येते आणि ती तुमच्या हक्काच्या रजेतून कापली जात नाही. बऱ्याच जणींना हे माहीतच नसतं. तुम्ही कायम आहात, कंत्राटी आहात की ट्रेनी, याने काही फरक पडत नाही. अडचण मुदतीची आहे: शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यावी लागते. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, पण त्या भरवशावर थांबू नका. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम 75 खाली पोलिसांकडे जाण्याचा मार्ग वेगळा खुला आहेच.