प्रणोदक, इंधन आणि उदक

अमेरिकेतल्या एका मराठी शाळेत शिकवणाऱ्या ताईंनी विचारलं आहे: मुलांसाठी हौशी रॉकेटांवर दोन पानी टिपण करते आहे. ‘सॉलिड प्रोपेलंट’ला ‘घन इंधन’ म्हटलं तर चालेल ना? कोशात ‘प्रणोदक’ सापडला, त्याचा उदकाशी संबंध आहे का? आणि रॉकेटला मोटर असते की इंजिन?

उदकापासून सुरू करू. गंगोदक, शुद्धोदक यांच्या सवयीने ‘प्रण + उदक’ अशी फोड मनात येणं स्वाभाविक आहे, पण खरी फोड प्र + नोदक. धातू नुद्, म्हणजे ढकलणे, सारणे. ‘प्र’मधल्या र-मुळे पुढच्या न-चा ण झाला, प्रणाम आणि प्रणयमध्ये झाला तसाच. हाच नुद् आपल्या रोजच्या ‘विनोद’मध्ये आहे: मनाचा शीण दूर सारतो तो विनोद. तिथे र नाही, म्हणून न तसाच राहिला. विनय-प्रणय ही जोडी आठवली की विनोद-प्रणोद ही जोडीही पटते. मला ही जोडी फार आवडते. रॉकेट आणि विनोद एकाच धातूतून निघालेले!

‘इंधन’ मात्र इन्ध् धातूचं, म्हणजे पेटवणे. होमातली समिधा याच घरातली. इंधन म्हणजे जळण. चुलीत लाकूड घातलं की हवा आपोआप मिळते, त्यामुळे जळणासोबत ऑक्सिजनचाही हिशेब ठेवायचा असतो हे आपल्या भाषेला कधी सांगावं लागलं नाही. रॉकेट मात्र आपला ऑक्सिजन बरोबर घेऊन निघतं. जळणारं ते इंधन, जाळायला ऑक्सिजन पुरवणारा तो ऑक्सिडीकारक, आणि या दोन्हींचं मिळून जे होतं, जे मागे फेकून रॉकेट पुढे ढकललं जातं, ते प्रणोदक. म्हणून ‘घन इंधन’ चालणार नाही, ‘घन प्रणोदक’ म्हणा.

हा नुसता काटेकोरपणा नाही. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटाच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३८ टन घन प्रणोदक असतं. बातमीत त्याला ‘घन इंधन’ म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, एवढं सगळं जळण आहे. प्रत्यक्षात त्यातला सर्वांत मोठा वाटा अमोनियम परक्लोरेटचा, म्हणजे ऑक्सिडीकारकाचा. इंधन म्हणजे त्यातली ॲल्युमिनियमची भुकटी आणि सगळं बांधून ठेवणारं रबर. मोठ्या हौशी रॉकेटांतही हेच मिश्रण छोट्या प्रमाणावर वापरतात. त्याला ‘संमिश्र प्रणोदक’ म्हणता येईल.

तुमच्या मुलांच्या हातात येणारी मोटर बहुधा याहून साधी, बंदुकीच्या दारूची असेल. पुठ्ठ्याची नळी, १८ मिलिमीटर व्यासाची, ७० मिलिमीटर लांब, खालच्या तोंडाला मातीची तोटी. (‘नोझल’ला तोटी म्हणायला मला काहीच हरकत दिसत नाही, आकार आणि काम दोन्ही जुळतात.) आत ठासलेल्या दारूत कोळसा आणि गंधक हे इंधन, सोरा (पोटॅशियम नायट्रेट) हा ऑक्सिडीकारक. नळीवर ‘सी ६-५’ असं काहीतरी छापलेलं असतं, तेही टिपणात उलगडून सांगा. अक्षर एकूण आवेगाचं, म्हणजे मोटर किती जोर किती वेळ लावते त्याचं: ‘ए’ म्हणजे २.५ न्यूटन-सेकंदांपर्यंत, ‘बी’ ५ पर्यंत, ‘सी’ १० पर्यंत, प्रत्येक अक्षराला मर्यादा दुप्पट. पुढचा ६ हा सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. शेवटचा ५ म्हणजे दारू संपल्यावर पाच सेकंदांनी वरच्या बाजूला छोटा बार उडून पॅराशूट बाहेर पडणार. ‘थ्रस्ट’ला ‘रेटा’च लिहा. गर्दीत रेटा बसलेल्या कुणालाही तो कळतो.

साखरेच्या रॉकेटातही सोराच असतो, फक्त इंधन साखर. एवढी माहिती टिपणात पुरे. ते मिश्रण घरी करायचं नसतं, हे मात्र ठळक लिहा.

हायब्रीड प्रकारात इंधन घन असतं, सहसा रबर किंवा मेण, आणि ऑक्सिडीकारक वेगळ्या टाकीत, बहुतेक वेळा नायट्रस ऑक्साइड. इथे ‘घन इंधन’ हा शब्द अचूक बसतो, कारण नळीत खरोखर फक्त इंधनच असतं. नावासाठी ‘संकरित’ नको, ‘हायब्रीड’च ठेवा. हायब्रीड ज्वारीच्या भाकरी खाल्लेल्या पिढीला हा शब्द परका नाही.

द्रव प्रकाराचं उदाहरण अमेरिकेतलंच द्या: १६ मार्च १९२६, मॅसॅच्युसेट्समधलं ऑबर्न, रॉबर्ट गॉडर्ड यांनी उडवलेलं पहिलं द्रव प्रणोदकाचं रॉकेट. पेट्रोल हे इंधन, द्रव ऑक्सिजन हा ऑक्सिडीकारक. उड्डाण जेमतेम अडीच सेकंदांचं, उंची ४१ फूट.

मोटर की इंजिन? रॉकेटवाल्यांच्या बोलण्यात साधारणपणे घन प्रणोदकाची ती मोटर आणि द्रव प्रणोदकाचं ते इंजिन. मराठीत मोटर म्हटलं की विहिरीवरची आठवते, इंजिन म्हटलं की रेल्वेचं. पण दोन्ही शब्द आपलेच झाले आहेत, तेव्हा हा भेद तसाच ठेवावा. एक सावधगिरी: मोटरमधल्या प्रणोदकाच्या ठोकळ्याला इंग्रजीत ‘ग्रेन’ म्हणतात. त्याचा ‘दाणा’ करू नका. ठोकळा हातभर लांबही असू शकतो, ‘कांडी’ म्हणा.

आणि मुलांना इंधन-प्रणोदक भेद दाखवायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पाण्याचं रॉकेट. प्लास्टिकची बाटली एक तृतीयांश पाण्याने भरायची, सायकलच्या पंपाने हवा दाबायची, बूच सोडायचं. आधी पाणी न घालता, नुसती हवा भरून उडवून बघा. बाटली थोडी उसळते आणि पडते. तेवढाच दाब ठेवून पाणी घाला, की ती भर्रकन वर जाते, कारण आता मागे फेकायला वजनदार काहीतरी आहे. इथे काहीच जळत नाही, म्हणजे इंधन नाहीच. प्रणोदक मात्र आहे, आणि या एका रॉकेटात ते खरोखर उदक आहे.