शहाणपण मिळवणं हा विद्यापीठीय शिक्षणाचा हेतू असू शकतो का, की फक्त नोकरी?

हो, असू शकतो; पण शहाणपणाचा वेगळा पेपर नसतो, ते शिकता शिकता अंगी मुरतं. १८१० मध्ये बर्लिन विद्यापीठ सुरू झालं, त्यामागे जर्मन विचारवंत विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांचा विचार हाच होता: विद्यार्थी आणि प्राध्यापक दोघंही ज्ञानासाठीच तिथे असतात, म्हणून अध्यापन आणि संशोधन एकत्रच हवं. निबंध तपासताना मला हे प्रत्यक्ष दिसतं. विरुद्ध बाजूचा पुरावा वाचून एखादी मुलगी स्वतःचाच परिच्छेद खोडते आणि समासात लिहिते, 'हे मला सिद्ध करता येत नाही.' माझ्या लेखी तिथेच पदवीचं सार्थक होतं! मात्र नोकरीच्या हेतूला कमी लेखू नका. मध्ययुगीन युरोपातल्या विद्यापीठांतही कायदा, वैद्यक, धर्मशास्त्र शिकून लोक पोटापाण्याला लागतच होते.