चित्रं काढायची, की सांभाळायची?

पत्र : मुलगी बारावी सायन्सला आहे. दिवाळीत पुण्याच्या केळकर संग्रहालयात तिनं चित्रकथीची, म्हणजे कथा सांगताना दाखवायची, चित्रं पाहिली. तेव्हापासून सायन्स सोडून चित्रकला शिकायची म्हणते. रसायनशास्त्र तिचा आवडता विषय. चित्रांवर पोट भरेल का?
— एक आई, सातारा

ताई, तुमच्या पत्रातलं रसायनशास्त्राचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. लेकीला सायन्स सोडू देऊ नका. तिला खुणावणाऱ्या चित्रांनाच त्याची गरज आहे.

चित्रकथीची पानं कागदावरची, पाठीला पाठ लावून चिकटवलेली. रात्र रात्र कथा सांगताना हाताळलेली. त्यांना ओल, बुरशी, कसर, प्रखर उजेड सगळंच बाधतं. ती टिकवणाऱ्याला कागद, रंग आणि खळ यांचा स्वभाव कळावा लागतो. आज लावलेली खळ उद्या कागदाला इजा न होता काढता आली पाहिजे, हा या कामातला पहिला नियम. या कामाला कलासंवर्धन म्हणतात.

आधी रसायनशास्त्रात बी.एस्सी. करू दे, सोबत चित्रकलेचा हात चालू ठेवू दे. पुढे नोएडाची भारतीय वारसा संस्था, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा संग्रहालयशास्त्र विभाग किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची पदविका पाहता येईल. प्रवेशाच्या अटी त्या त्या वर्षी तपासा. पोटापाण्याचं म्हणाल, तर कायमच्या जागा थोड्या आणि सुरुवातीचा पगार बेताचा असतो. बरेच जण आधी काही वर्षं प्रकल्पांवर काम करतात. हे तिलाही आत्ताच सांगा. तरीही मी तिला या वाटेनं जा असंच म्हणेन, कारण आवड आणि विषय असे जुळून येणं फार कमी मुलांच्या वाट्याला येतं.

आणि परीक्षा संपली की तिला कुडाळजवळच्या पिंगुळीला न्या. तिथल्या ठाकर समाजानं ही कला पिढ्यान् पिढ्या जपली. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात तिचं संग्रहालय उभं केलं. त्यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. गॅलरीत एक पान चौकटीत एकटं दिसतं, पण मुळात ते पोथीतलं असतं. त्याच्या आधी एक प्रसंग, नंतर एक. पोथी विस्कटली, तर कोणत्या पानामागे कोणतं, हे कथा ठाऊक असलेला माणूसच सांगू शकतो. तिला तिथे बसून एक आख्यान पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू द्या.